मल्टीलेव्हल बीओएम: एकाच पार्टची एकूण संख्या, पण तीन ठिकाणी तीन आकडे

प्लॅनिंगवाली

नमस्कार मंडळी. एका रोलर कन्व्हेयरच्या बीओएमवर (बिल ऑफ मटेरियल, म्हणजे एका मालाला कोणता पार्ट किती लागतो याची यादी) अडले आहे. खरेदी विभागाला साधी माहिती हवी आहे: एका कन्व्हेयरला एम८ × २५ चे बोल्ट किती आणि ६२०४ बेअरिंग किती? रचना अशी आहे:

कन्व्हेयर (लेव्हल ०)
– फ्रेम असेंब्ली १. तिच्यात साइड चॅनल २, लेग असेंब्ली ४ आणि सुटे बोल्ट ६. प्रत्येक लेग असेंब्लीत बोल्ट ४.
– रोलर असेंब्ली १२. प्रत्येकीत पाइप १, शाफ्ट १, बेअरिंग २.
– ड्राइव्ह असेंब्ली १. तिच्यात मोटर १, बेअरिंग २, ब्रॅकेट असेंब्ली २. प्रत्येक ब्रॅकेट असेंब्लीत बोल्ट ४.
– शेवटच्या जोडणीसाठी थेट कन्व्हेयरखाली बोल्ट ६.

एक्सेलमध्ये बोल्टच्या ओळी फिल्टर करून बेरीज केली तर २० येतात. आमच्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट ३० दाखवतो. ड्रॉइंग समोर ठेवून हाताने मोजले तर ३६. आणि गंमत नाही, खरंच कोडं आहे ते पुढे: बेअरिंग रिपोर्टमध्येही २६ आणि हाताने मोजूनही २६. म्हणजे रिपोर्ट एका पार्टला बरोबर आहे आणि दुसऱ्याला चूक. रिपोर्टमागची क्वेरी आधीच्या टीमने लिहिलेली आहे, पोस्टग्रेस डेटाबेसवर चालते. कुठून सुरुवात करू?

वर्नियर

३६ बरोबर आहे, आधी ते पक्कं करून घ्या. बोल्टपर्यंत वरून खाली जाणाऱ्या वाटा चार आहेत. प्रत्येक वाटेवरच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करायचा, मग वाटांची बेरीज:

कन्व्हेयर → फ्रेम → लेग → बोल्ट: १ × ४ × ४ = १६
कन्व्हेयर → फ्रेम → बोल्ट: १ × ६ = ६
कन्व्हेयर → ड्राइव्ह → ब्रॅकेट → बोल्ट: १ × २ × ४ = ८
कन्व्हेयर → बोल्ट: ६

१६ + ६ + ८ + ६ = ३६. एक्सेलचे २० कसे आले ते उघड आहे, ४ + ६ + ४ + ६. बीओएमच्या ओळीतली संख्या ही तिच्या लगेच वरच्या पालकाच्या एका नगासाठी असते. ती अख्ख्या मालाची संख्या नव्हे. म्हणून तो कॉलम सरळ बेरजेला लावायचाच नाही.

एक्सेलमध्येच करायचं असेल तर मी वर्षानुवर्षं वापरतो ती पद्धत सांगतो. इंडेंटेड यादी लेव्हलच्या कॉलमसकट घ्या, ओळींचा क्रम अजिबात बदलू नका. शेजारी प्रत्येक लेव्हलसाठी एक मदतीचा कॉलम उघडा: ल०, ल१, ल२, ल३. ओळीची लेव्हल ज्या कॉलमशी जुळते तिथे त्या ओळीची गुणलेली संख्या येते, बाकीच्या कॉलममध्ये वरच्याच ओळीतली किंमत खाली ओढली जाते. ओळीची गुणलेली संख्या म्हणजे तिची स्वतःची संख्या गुणिले वरच्या ओळीतल्या, एक लेव्हल अलीकडच्या कॉलमची किंमत. पालक नेहमी वरच असतो, त्यामुळे ती किंमत आपोआप त्याचीच मिळते. मग गुणलेल्या कॉलमवर सम-इफ किंवा पिव्होट लावा. कोणी मधेच पार्ट नंबरप्रमाणे सॉर्ट केलं की सगळं कोसळतं, म्हणून सॉर्ट करायचंच असेल तर आधी किमती म्हणून पेस्ट करून घ्या.

टेबलजोडणी

ताई, ३६ आणि ३० मधला फरक ६ आहे. आणि तुमच्या चार वाटांपैकी दोन वाटांचं उत्तर नेमकं ६ आहे. हा योगायोग वाटत नाही. क्वेरीत रिकर्सिव्ह भाग (एकेक लेव्हल खाली उतरत पुन्हा पुन्हा चालणारा) जिथे जोडला आहे तिथे नुसतं 'युनियन' आहे की 'युनियन ऑल'? आणि निवडलेले कॉलम कोणते आहेत?

प्लॅनिंगवाली

नुसतं युनियन आहे. कॉलम दोनच, पार्ट नंबर आणि गुणलेली संख्या. मग बाहेर ग्रुप करून बेरीज.

टेबलजोडणी

मग कोडं सुटलं. नुसतं युनियन हुबेहूब सारख्या ओळी एकदाच ठेवतं. रिकर्सिव्ह क्वेरीत तर नवी ओळ आधीच्या कुठल्याही फेरीत आलेल्या ओळीशी जुळली तरी ती टाकून दिली जाते. पहिल्या फेरीत (बोल्ट, ६) ही ओळ थेट कन्व्हेयरखालून आली. दुसऱ्या फेरीत फ्रेमखालून पुन्हा (बोल्ट, ६) आली आणि डेटाबेसच्या दृष्टीने ती 'आधी पाहिलेली' असल्यामुळे गळाली. उरले ६ + १६ + ८ = ३०.

बेअरिंगच्या दोन वाटांवर २४ आणि २ असे वेगळे आकडे आहेत, म्हणून ते वाचले. ड्राइव्ह असेंब्लीत २ ऐवजी २४ बेअरिंग असते तर तिथेही निम्मे गेले असते.

याहून वाईट प्रकार सब-असेंब्लीच्या बाबतीत होतो. एकच सब-असेंब्ली दोन जागी सारख्याच संख्येने वापरलेली असेल, तर तिची दुसरी ओळ गळते आणि तिच्यासोबत खालची सगळी फांदी गळते. तेव्हा फरक एका बोल्टपुरता राहत नाही.

दुरुस्ती दोन शब्दांची आहे: युनियनच्या जागी युनियन ऑल, ते सारख्या ओळीही ठेवतं. पण तेवढ्यावर थांबू नका. तिसरा कॉलम म्हणून वाट जोडा, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या बीओएम-ओळींचे क्रमांक एका अ‍ॅरेत. पार्ट नंबर नकोत, ओळींचे क्रमांक हवेत, कारण एकाच पालकाखाली तोच पार्ट दोन ओळींवर असू शकतो (ड्रॉइंगवर पार्टकडे बोट दाखवणारे गोलातले क्रमांक, म्हणजे बलून नंबर, दोन वेगळे असले की हमखास असतो). आकड्याबद्दल कोणी विचारलं की वाटांसकट यादी पुढे ठेवता येते. नुसती बेरीज साठवून ठेवली तर दर वेळी पुन्हा ड्रॉइंग उघडावं लागतं.

वर्नियर

एक विचारतो. ज्याने युनियन लिहिलं त्याने बहुधा चक्र टाळायला लिहिलं असेल ना? अ मध्ये ब आणि ब मध्ये चुकून पुन्हा अ, असा डेटा आला तर युनियन ऑल कधी थांबणारच नाही.

टेबलजोडणी

हेतू तोच असणार. पण गुणलेली संख्या कॉलममध्ये असताना युनियन चक्रही धड थांबवत नाही. चक्रात सगळ्या संख्या १ असतील तरच ओळ पुन्हा तशीच येते आणि गळते. कुठे २ असेल तर दर फेरीला संख्या दुप्पट, ओळ दर वेळी नवी, क्वेरी चालतच राहते. म्हणजे खरा बोल्ट गळतो आणि खोटं चक्र सुटतं.

चक्रासाठी वाटेचा अ‍ॅरे वापरा, सोबत पार्ट नंबरांचाही एक ठेवा: पुढचा पार्ट वाटेत आधीच असेल तर तिथे थांबा आणि ती ओळ वेगळी दाखवा. पोस्टग्रेस १४ पासून यासाठी 'सायकल' हे कलमच दिलं आहे. मायएसक्यूएलवर असलेल्यांसाठी: रिकर्सिव्ह क्वेरी ८.० पासूनच आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिकर्सिव्ह भागाला युनियन ऑलच लागतं, त्यामुळे हा घोटाळा तिथे होत नाही. शिवाय १०० फेऱ्यांनंतर तो स्वतःहून थांबून चूक दाखवतो. ती मर्यादा शून्य करून 'अमर्याद' ठेवलेली मी पाहिली आहे, तसं करू नका. शंभर लेव्हलचा बीओएम नसतो, तिथे पोचलात म्हणजे डेटात चक्र आहे.

चक्र शोधण्याची योग्य जागा मात्र रिपोर्ट नव्हे. बीओएम सेव्ह होतानाच तपासून अडवलं पाहिजे.

साठापाल

मी स्टोअर आणि मटेरियल प्लॅनिंग दोन्ही पाहिलं आहे. मला या धाग्यात एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, कारण इथवर आलेली माणसं पुढच्या पायरीवर घसरतात. ३६ ही 'एका कन्व्हेयरमध्ये किती बोल्ट असतात' याचं उत्तर आहे. खरेदीचा प्रश्न तो नसतो. खरेदीचा प्रश्न असतो 'आणखी किती मागवू'. या दोन प्रश्नांसाठी हिशोबाची रीतच वेगळी आहे, आणि पहिल्या उत्तरातून स्टॉक वजा करून दुसरं उत्तर मिळत नाही.

ताईंचंच उदाहरण घेऊ. ऑर्डर १० कन्व्हेयरची. ढोबळ गरज ३६० बोल्ट. स्टोअरमध्ये ५० सुटे बोल्ट आहेत आणि १५ लेग असेंब्ली जोडून तयार पडल्या आहेत.

सपाट यादीवरून: ३६० – ५० = ३१० मागवा.

लेव्हलप्रमाणे उतरलो तर: लेग असेंब्ली लागतात ४०, तयार १५, म्हणजे बनवायच्या २५. त्यांना बोल्ट १००. फ्रेमचे सुटे ६०, ब्रॅकेटचे ८०, शेवटच्या जोडणीचे ६०. एकूण ३००. त्यातून ५० गेले, मागवायचे २५०.

फरक ६०. हे साठ बोल्ट कुठे आहेत? त्या १५ लेग असेंब्लींमध्ये आधीच कसून बसले आहेत. सपाट यादीला ते दिसत नाहीत, कारण यादी सपाट करतानाच लेग असेंब्ली नावाची वस्तू पुसली गेली. बोल्ट स्वस्त आहेत म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. हेच गिअरबॉक्सच्या बाबतीत झालं की स्टोअरमध्ये जागा राहत नाही.

आता लेव्हलप्रमाणे उतरताना एक काळजी. बोल्ट लेव्हल १, २ आणि ३ अशा तिन्ही ठिकाणी आहे. वरून उतरताना लेव्हल १ वर बोल्ट भेटला म्हणून लगेच ५० वजा केले, लेव्हल २ वर भेटला तेव्हा पुन्हा तेच ५० वजा केले, तर एकच स्टॉक दोनदा वापरला जातो. यावर जुना आणि पक्का उपाय लो-लेव्हल कोडचा. प्रत्येक पार्टला तो जिथे जिथे येतो त्यातली सगळ्यात खोल लेव्हल चिकटवायची, बोल्टला ३. मग हिशोब त्या कोडच्या क्रमाने. बोल्टची पाळी येते तेव्हा त्याच्या सगळ्या पालकांचा हिशोब झालेला असतो, सगळी मागणी एका जागी जमलेली असते आणि स्टॉक एकदाच वजा होतो. हा कोड एका मालापुरता काढून भागत नाही. कारखान्यातल्या सगळ्या बीओएममध्ये मिळून सगळ्यात खोल जागा धरायची असते.

प्लॅनिंगवाली

साठापाल दादा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. ब्रॅकेट असेंब्ली आम्ही कधीच स्टॉकमध्ये ठेवत नाही, थेट लाइनवर जोडतो. तिला पण बनवायची वस्तू म्हणून धरायचं?

साठापाल

तिला फँटम करा. संख्या गुणली जाते, खालचे पार्ट थेट वरच्या ऑर्डरला लागतात, तिची स्वतःची वर्क ऑर्डर निघत नाही. पण एखादी ऑर्डर रद्द झाली आणि जोडलेल्या पाच ब्रॅकेट परत आल्या, तर त्या स्टॉकमध्ये दिसल्या पाहिजेत आणि आधी त्या वापरल्या गेल्या पाहिजेत. तुमचं सॉफ्टवेअर फँटमचा शिल्लक स्टॉक बघतं की नाही, हे चाचणी घेऊन बघा.

ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: वर्क ऑर्डरमध्ये 'यूज मल्टी-लेव्हल बीओएम' ही खूण असते. ती असली तर सब-असेंब्लीच्या पोटातला कच्चा माल मागितला जातो, काढली तर सब-असेंब्ली स्वतःच मागितली जाते. तयार लेग असेंब्ली पडून असताना खूण तशीच राहिली तर वर सांगितलेला साठ बोल्टचा फरक तिथेच तयार होतो. सॅप सॉफ्टवेअरमध्ये सीएस१२ हा कोड टाकला की लेव्हलवार फोड दिसते आणि सीएस१३ टाकला की एकत्रित बेरीज. सीएस१३ ची प्रिंट थेट खरेदीला देऊ नका. किंमत काढायला, वजन काढायला, स्पेअरची यादी करायला ती उत्तम आहे.

जुना_ड्राफ्ट्समन

डिझाइनच्या बाजूने दोन शब्द. बीओएम कॅडमधून येत असेल तर आकडे तिथूनच वाकडे येऊ शकतात.

मोटरचं मॉडेल पुरवठादाराकडून मिळतं ते बहुतेक वेळा असेंब्ली म्हणून, आत कव्हर, पंखा, बोल्ट सगळं. 'पार्ट्स ओन्ली' (असेंब्ली फोडून फक्त सुट्या पार्टची) यादी काढली की मोटर फुटते आणि तिच्या पोटातले बोल्ट तुमच्या यादीत येतात. इन्व्हेंटर या कॅड सॉफ्टवेअरमध्ये अशा असेंब्लीला 'पर्चेस्ड' करून ठेवलं की पार्ट्स ओन्ली यादीत ती फुटत नाही. सॉलिडवर्क्स या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये कॉन्फिगरेशनच्या गुणधर्मांत खालचे घटक दाखवायचे, लपवायचे की वर चढवायचे हे ठरवता येतं. मोटरला लपवायचे, फँटमला वर चढवायचे.

दुसरं, बेरीज पार्ट नंबरवर करा, वर्णनावर कधीही नको. 'हेक्स बोल्ट एम८ × २५' आणि 'बोल्ट हेक्स एम८-२५' या संगणकाला दोन वस्तू आहेत. आणि उलट, झिंक प्लेटेड आणि स्टेनलेस यांचं वर्णन सारखंच लिहिलेलं असलं तर त्या दोन वस्तू एक होतात. ते जास्त घातक.

करवत

बोल्ट-बेअरिंग मोजून होतात. लांबीने येणाऱ्या मालाचं कोणीच काढलं नाही. रोलरचा पाइप ६०० मिलिमीटरचा धरा आणि बाजारातून ६ मीटरची लांबी येते. १० कन्व्हेयरला १२० तुकडे. बीओएममध्ये पाइप ०.६ मीटर असा लिहिला असेल तर बेरीज ७२ मीटर, म्हणजे १२ लांब्या. स्टोअर १२ आणतं आणि कटिंगला माल कमी पडतो.

कारण ब्लेडची जाडी. ३ मिलिमीटरचा कट धरला तर दहा तुकड्यांना ६००० अधिक नऊ कटांचे २७, म्हणजे ६०२७ लागतात. लांबी ६००० ची. दहावा तुकडा निघत नाही. नऊच निघतात. १२० भागिले ९ म्हणजे १३.३३, वर पूर्णांक करून १४ लांब्या.

आता हाच पूर्णांक चुकीच्या जागी केला तर? एका कन्व्हेयरला १२ तुकडे, म्हणजे १.३३, वर करून २ लांब्या. गुणिले १० म्हणजे २०. बारा, चौदा, वीस. डेटा एकच, फक्त पूर्णांक कुठे केला आणि कट धरला की नाही एवढ्याने उत्तर बदललं. माझा आग्रह असा की अपूर्णांक शेवटच्या बेरजेपर्यंत तसाच वाहू द्यावा आणि खरेदीच्या एककात उतरताना एकदाच वर करावा. आणि कापलेला पाइप हा स्वतंत्र पार्ट असावा, नगात मोजलेला, त्याच्या खाली लांबीचा माल.

वर्नियर

+१. फक्त एक अपवाद. मधली सब-असेंब्ली अर्धी बनत नाही. रिजेक्शन धरून २५.३ लेग असेंब्ली निघाल्या तर तिथे २६ करूनच खाली उतरायचं, कारण प्रत्यक्षात २६ बनणार आहेत आणि त्यांना १०४ बोल्ट लागणार आहेत.

करवत

मान्य. जी वस्तू प्रत्यक्ष बनते किंवा येते तिथेच पूर्णांक.

पायरी_पायरीने

रिजेक्शनचं नाव निघालं म्हणून विचारते. ५ टक्के रिजेक्शन असेल तर १०० ला १०५ धरायचे ना?

साठापाल

१०५ बनवले आणि ५ टक्के गेले तर हातात ९९.७५. शंभर चांगले हवे असतील तर १०० ला ०.९५ ने भागा, १०५.२६, म्हणजे १०६. लहान टक्केवारीत फरक नगण्य वाटतो; १० टक्क्यांना ११० विरुद्ध १११.१ होतो. पण हे लेव्हलगणिक गुणत जातं. तीन लेव्हलवर प्रत्येकी ५ टक्के असतील तर सगळ्यात खाली १५ टक्के जादा पुरत नाहीत, सुमारे १६.६ टक्के लागतात. तुमचं सॉफ्टवेअर टक्केवारीने गुणतं की उरलेल्या भागाने भागतं हे एकदा शंभर नगांची खोटी ऑर्डर टाकून तपासा, आणि मग त्याप्रमाणे टक्का भरा.

तसंच बीओएम किती नगांसाठी लिहिला आहे तेही बघा. पेंट, ग्रीस, चिकटद्रव्य यांचे बीओएम अनेकदा १०० नगांसाठी लिहिलेले असतात. ओळीतल्या संख्येला त्या मूळ नगसंख्येने भागून मगच वाटेचा गुणाकार करायचा. हे भागणं राहून गेलं की उत्तर शंभरपट येतं. तेवढं मोठं आलं की निदान डोळ्यांना दिसतं. मूळ संख्या २ असली की दिसत नाही.

सारणी

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी थोडक्यात. प्रत्येक पालक-घटक जोडीची थेट संख्या एका चौरस सारणीत भरा. तिला न म्हणू. न मध्ये एक पायरी खालचे घटक, न च्या वर्गात दोन पायऱ्या खालचे, घनात तीन. एकक सारणी अधिक या सगळ्यांची बेरीज म्हणजे (एकक सारणी वजा न) हिची व्यस्त सारणी. चक्र नसेल तर ती नेहमी मिळते, कारण सर्वात लांब वाटेपेक्षा मोठ्या घाताला न शून्य होते. ही मांडणी १९५० च्या दशकात अँड्र्यू वाझसोन्यी यांनी उत्पादन नियोजनासाठी केली. ताईंच्या उदाहरणात चौथ्या घाताला शून्य येतं. शेकडो मालांची ढोबळ गरज एका दमात काढायची असेल तर विरळ (बहुतेक जागी शून्य असलेल्या) सारण्यांवर हे फार वेगाने होतं. स्टॉक वजा करण्याचं काम मात्र याने होत नाही, तिथे साठापाल यांचीच रीत.

प्लॅनिंगवाली

युनियन ऑल करून, ओळींच्या क्रमांकांची वाट जोडून क्वेरी चालवली. बोल्ट ३६, बेअरिंग २६, चार वाटा जशाच्या तशा दिसल्या. मग त्याच बदलासह बाकीच्या मालांवर जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिला. फरक जवळपास फक्त फास्टनर आणि वॉशरमध्ये आहे, आणि वॉशरमध्ये सगळ्यात जास्त. सारख्याच संख्येने अनेक जागी बसणारा पार्ट तोच, त्यामुळे आता कारण कळतं. एका मालात अख्खी गार्ड असेंब्ली एकदाच मोजली जात होती, डाव्या आणि उजव्या बाजूला एक-एक असूनही.

नेट गरजेचा (स्टॉक वजा करून आणखी किती लागणार याचा) रिपोर्ट वेगळा करतेय, लो-लेव्हल कोड सगळ्या बीओएमवर मिळून काढून. ढोबळ बेरजेच्या रिपोर्टच्या शीर्षकात 'स्टॉक धरलेला नाही' असं लिहून टाकलं आहे. एक प्रश्न राहिला: पुढच्या महिन्यापासून लेग असेंब्लीत ४ ऐवजी ६ बोल्ट होणार आहेत. दोन्ही ओळी बीओएममध्ये आहेत, तारखांसकट.

टेबलजोडणी

मग तारखेची अट रिकर्सिव्ह भागाच्या आत घाला, बाहेरच्या बेरजेत नको. बाहेर घातली तर बदललेल्या सब-असेंब्लीची खालची फांदी जुन्या आणि नव्या दोन्ही ओळींतून उतरून येते. आणि तारीख आजची धरू नका, त्या असेंब्लीचं काम सुरू होण्याची धरा. १० कन्व्हेयरपैकी काहींच्या लेग या महिन्यात बनणार असतील आणि काहींच्या पुढच्या, तर एकाच ऑर्डरमध्ये दोन्ही संख्या बरोबर असतील.

साठापाल

आणि त्या १५ तयार लेग चार बोल्टवाल्या आहेत. नव्या रचनेत त्या चालणार की नाही हे डिझाइनला आत्ताच लेखी विचारा. चालणार नसतील तर नव्या लेगसाठी त्यांचा स्टॉक धरायचा नाही, आणि साठ बोल्टचा हिशोब पुन्हा बदलतो.